वाचायला जमणे हाच गुन्हा होता तेव्हा...

एप्रिल १८३१ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने एक कायदा केला. गुलाम नसलेले, कागदोपत्री स्वतंत्र असलेले कृष्णवर्णीय लोक लिहायला-वाचायला शिकण्यासाठी शाळेत, चर्चमध्ये किंवा इतर कुठेही जमले, तर तो जमाव बेकायदेशीर ठरणार होता. मग ते दिवसा जमोत की रात्री. जमणाऱ्यांना फटक्यांची शिक्षा होती.

कायद्यातला शब्द नीट पाहा. कायद्याचा रोख पुस्तकापेक्षा 'जमण्या'वर जास्त आहे. घरात एकटा माणूस अक्षरे गिरवत बसला तर सत्तेला फारसा धोका नसतो. चार माणसे एकत्र बसून वाचू लागली, एकमेकांना प्रश्न विचारू लागली की धोका सुरू होतो. हे व्हर्जिनियाच्या मळेमालकांना चांगले कळले होते.

आम्ही काही मित्र-मैत्रिणी मिळून वस्तीतल्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग चालवतो. तिथे येणारी तरुण मुले एक प्रश्न हमखास विचारतात : "पुस्तकाची पीडीएफ मोबाइलमध्ये आहे, भाषणे यूट्यूबवर आहेत. मग सगळ्यांनी एका जागी बसून वाचायचे कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास फार उपयोगी पडला. मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. पण या नेत्यांच्या मागे सुमारे दीडशे वर्षांची वाचनमंडळे, वादसभा, ग्रंथालये आणि पुस्तकांची दुकाने उभी होती. त्याबद्दल आपल्याकडे कमी बोलले जाते.

एका वृत्तपत्रापासून एका पुस्तिकेपर्यंत

१६ मार्च १८२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'फ्रीडम्स जर्नल' सुरू झाले. कृष्णवर्णीयांनी स्वतः काढलेले आणि स्वतः चालवलेले हे अमेरिकेतले पहिले वृत्तपत्र. सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म हे त्याचे संपादक. आजवर आमच्या वतीने दुसरेच बोलत आले, आता आमची बाजू आम्हीच मांडू, अशी त्यांची पहिल्या अंकापासून भूमिका होती. 'मूकनायक' ज्यांनी वाचला आहे त्यांना ही भूमिका परकी वाटणार नाही.

या पत्राचे बोस्टनमधले प्रतिनिधी होते डेव्हिड वॉकर. बंदराजवळ जुन्या कपड्यांचे दुकान चालवणारे गृहस्थ. बोस्टनच्या कृष्णवर्णीयांच्या सभेत त्यांनी एकजुटीवर भाषण केले आणि ते या पत्रात छापून आले. १८२९ मध्ये त्यांनी गुलामगिरीवर घणाघाती प्रहार करणारी 'अपील' ही पुस्तिका काढली. खलाशांच्या हाती ती दक्षिणेतल्या बंदरांत पोहोचली. तिथल्या सरकारांची झोप उडाली आणि शिकण्यावर, छापील मजकुरावर एकामागून एक बंधने आली.

हा क्रम लक्षात घ्या. आधी वृत्तपत्र, मग सभा, मग भाषण, मग पुस्तिका. वॉकर यांची लेखणी एकाकी नव्हती. आपल्यासारख्या वाचकांसमोर आपले म्हणणे आधी तपासून घेण्याची जागा त्यांना मिळाली होती.

पेटीतल्या चिठ्ठ्या

व्हर्जिनियाचा कायदा झाला त्याच वर्षी, १८३१ मध्ये, उत्तरेत फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'फीमेल लिटररी असोसिएशन' स्थापन केली. शिक्षिका सारा मॅप्स डग्लस त्यात पुढाकार घेणाऱ्या. गोऱ्यांच्या वाचनमंडळांत यांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी आपले मंडळ उभारले.

त्यांची पद्धत आजही वापरावी अशी आहे. सदस्य स्त्रिया घरून काही लिहून आणायच्या, पण त्यावर नाव घालायच्या नाहीत. कागद एका पेटीत टाकायचा. मग एकेक कागद काढून मोठ्याने वाचला जायचा आणि त्यावर चर्चा व्हायची. लिहिणारी कुणाची बायको, कुणाची मुलगी, किती शिकलेली, हे बाजूला राहायचे. चर्चा मजकुरावर व्हायची. जिने आयुष्यात कधी चारचौघांत तोंड उघडले नव्हते, तिचेही शब्द त्या खोलीत ऐकले जायचे. पुढे यातले काही लेखन 'लिबरेटर' या गुलामगिरीविरोधी पत्रात छापून आले. म्हणजे मजकूर आधी आपल्या माणसांत वाचला गेला आणि मग जगासमोर गेला.

आमच्या वर्गात मुली येतात, मन लावून ऐकतात, पण फारच कमी बोलतात. त्यांना धीटपणावर व्याख्यान देण्यापेक्षा अशी एखादी पेटी ठेवणे जास्त उपयोगाचे, असे आता आम्हाला वाटते.

गुलाम असलेला सभासद

फ्रेडरिक डग्लस यांची गोष्ट आपण सहसा अशी सांगतो : मालकिणीने अक्षरे शिकवली, मालकाने थांबवले, तरी हा मुलगा चोरून शिकला आणि थोर वक्ता झाला. गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. तरुणपणी बॉल्टिमोरच्या गोदीत काम करताना डग्लस यांची ओळख तिथल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय कामगारांशी झाली. या कामगारांचे एक वादमंडळ होते, 'ईस्ट बॉल्टिमोर मेंटल इम्प्रूव्हमेंट सोसायटी'. ते स्वतंत्र लोकांसाठी होते, तरी गुलाम असलेल्या डग्लस यांना त्यांनी सामावून घेतले. त्यांच्या वादविवादांत डग्लस महत्त्वाची भूमिका बजावू लागले. पुढे हजारो लोकांसमोर गाजलेल्या वक्तृत्वाची तालीम जहाजांच्या फटी बुजवणाऱ्या मजुरांच्या या मंडळातही झाली होती.

१८३८ मध्ये डग्लस पळून न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्यांना आसरा दिला डेव्हिड रगल्स यांनी. रगल्स यांनी १८३४ मध्ये त्या शहरात पुस्तकांचे दुकान काढले होते. कृष्णवर्णीय माणसाच्या मालकीचे अमेरिकेतले ते पहिले ज्ञात पुस्तकांचे दुकान. पुढच्याच वर्षी गोऱ्यांच्या जमावाने ते जाळले. रगल्स डगमगले नाहीत. पळून येणाऱ्या शेकडो गुलामांना त्यांनी मदत केली. पुस्तके विकणारा आणि पळून आलेल्याला दार उघडणारा माणूस एकच होता. विचार आणि कृती यांची फारकत करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

मतभेद घरातच करायला शिकणे

आपल्या जागेचा सगळ्यात मोठा उपयोग कोणता, असे कुणी विचारले तर आम्ही म्हणू, मतभेद. शोषित समाजातल्या माणसाला बाहेरच्यांसमोर नेहमी सगळ्यांच्या वतीने बोलावे लागते. तिथे आधी 'आम्हीही माणूस आहोत' हेच सिद्ध करावे लागते. असे बोलताना आपापसातले प्रश्न दडपले जातात. आपल्या माणसांत बसल्यावर ते सिद्ध करण्याची गरज उरत नाही, म्हणून खरा वाद तिथे सुरू होतो.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८९५ च्या अटलांटाच्या भाषणात हस्तकौशल्य आणि आर्थिक प्रगतीवर भर दिला, राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त बाजूला ठेवला. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या ग्रंथात त्यांच्यावर उघड टीका केली. वॉशिंग्टन तेव्हा अतिशय प्रभावी नेते होते. 'समाजात फूट पाडू नका' हा सल्ला ड्युबॉइस यांनाही मिळाला असता. पण या वादातूनच पुढे १९०५ ची नायगारा चळवळ उभी राहिली. नंतर १९०९ ची 'एनएएसीपी' ही हक्कांसाठी लढणारी संघटना आली आणि १९१० पासून ड्युबॉइस यांच्या संपादनाखाली 'द क्रायसिस' हे मासिक निघू लागले. हजार प्रतींनी सुरू झालेले हे मासिक दशकभरात सुमारे एक लाख प्रतींवर गेले.

या जागा निर्दोष होत्या असे मात्र नाही. मारिया स्टुअर्ट या कृष्णवर्णीय स्त्रीने १८३२ मध्ये बोस्टनच्या जाहीर सभेत स्त्री-पुरुषांसमोर राजकीय भाषण केले. अमेरिकेत जन्मलेल्या स्त्रीने असे करण्याचे हे पहिल्या उदाहरणांपैकी एक. त्यांनी आपल्याच समाजातल्या पुरुषांना जाब विचारला. विरोध इतका झाला की १८३३ मध्ये निरोपाचे भाषण करून त्यांनी बोस्टन सोडले. त्यानंतर जवळपास दीड शतकाने त्याच बोस्टनमध्ये 'कोंबाही रिव्हर कलेक्टिव्ह' या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटाने १९७७ मध्ये आपले निवेदन मांडले. गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीत आमचा वर्ण मोजला जात नाही आणि आमच्या पुरुषांच्या चळवळीत आमचे स्त्री असणे मोजले जात नाही, हा त्याचा आशय. आपल्याच घरात जागा मिळाली नाही, म्हणून त्यांना घरातच नवी खोली बांधावी लागली. हा इशारा आपल्यालाही आहे.

आठवण कोण सांभाळणार?

आर्तुरो शोम्बर्ग हे मूळचे प्वेर्तो रिकोचे. लहानपणी एका शिक्षकाने त्यांना सांगितले की काळ्यांना इतिहासच नाही, अशी आठवण सांगितली जाते. या गृहस्थांनी आयुष्यभर त्याचे उत्तर गोळा केले. पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे, पत्रके. नोकरी सांभाळून, पदरमोड करून. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनने दिलेल्या १०,००० डॉलरमधून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हा संग्रह विकत घेतला आणि तो हार्लेममधल्या १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत ठेवला. आजचे जगप्रसिद्ध शोम्बर्ग केंद्र त्यातून उभे राहिले. त्याच हार्लेममध्ये लुईस मिशॉ यांचे पुस्तकांचे दुकान चार दशके चालले. पैसे नसतील तर बसून वाचा, अशी तिथे मुभा होती. माल्कम एक्स तिथे नेहमी येत.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे काय? १९०५ मध्ये सुरू झालेला 'शिकागो डिफेंडर' रेल्वेच्या डब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय सेवक दक्षिणेत घेऊन जात. तिथे न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एकाने वाचायचे आणि दहा जणांनी ऐकायचे. उत्तरेत मजुरी आहे, माणसासारखे जगता येते, ही बातमी अशीच पोहोचली आणि लाखो लोकांनी दक्षिण सोडली. त्या स्थलांतराला वाट दाखवणाऱ्यांत या सामूहिक वाचनाचा मोठा वाटा होता.

वेगळे बसणे म्हणजे तुटणे नव्हे

अशा जागांवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो : 'तुम्ही वेगळे का बसता? मुख्य प्रवाहात या.' तत्त्वज्ञ आणि विचारवंत नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० मध्ये याचे नेमके उत्तर दिले. समाजात विषमता असताना सगळ्यांसाठी एकच चर्चेची जागा ठेवली, तर तिथे बलवानांचीच भाषा चालते. म्हणून दबलेल्या गटांना स्वतःच्या समांतर जागा लागतात. तिथे ते सावरतात, आपल्या अनुभवाला स्वतःचे शब्द शोधतात आणि मग त्या शब्दांनिशी बाहेर येऊन साऱ्या समाजाशी बोलतात. वॉकर, डग्लस, ड्युबॉइस, तिघांचा प्रवास असाच झाला. सगळे आधी घरात बोलले आणि मग जगाशी बोलले. घरात बोललेच नसते तर जगासमोर उसने शब्द वापरावे लागले असते.

आपल्याशी असलेला धागा

हा इतिहास आपल्यापासून दूर नाही. जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा शेजारचे हार्लेम कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून आकार घेत होते. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वाचनालये आणि अभ्यासवर्ग स्पष्टपणे होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले. हे सगळे वाचनातून घडले. एका किनाऱ्यावरचा कागद दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचला, कुणीतरी तो इतरांना वाचून दाखवला.

म्हणून आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही आता सांगतो : पीडीएफ जरूर वाचा, पण ती घेऊन या. आम्ही ठरवलेल्या गोष्टी साध्या आहेत. एका वेळी एकच प्रकरण वाचायचे. वाचणारा दर आठवड्याला बदलायचा. ज्यांना बोलायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी बिननावाच्या चिठ्ठ्यांची पेटी ठेवायची. आपल्या नेत्यांवरही प्रश्न विचारायची मुभा असेल आणि प्रश्न विचारणाऱ्याला कुणी 'फितूर' म्हणणार नाही. आणि प्रत्येक चर्चेची वही ठेवायची, कारण आपली आठवण दुसरे कुणी सांभाळून ठेवणार नाही.

व्हर्जिनियात जमण्यासाठी फटके खावे लागत होते. आपल्याला रविवारचे दोन तास द्यायचे आहेत. तेवढेही आपण दिले नाहीत, तर आपल्याला कुठल्याही कायद्याने थांबवण्याची गरजच उरणार नाही.