ध्यानाला बसता, पण मन बसत नाही?

काही महिन्यांपूर्वी एक निवृत्त मुख्याध्यापक दवाखान्यात आले. आठ दिवस डोके जड, मान धरलेली. रक्तदाब मोजला तर १८०/११०. "गुरुजी, गोळी चालू आहे ना?" असे विचारताच ते ओशाळले. कोणीतरी त्यांना ध्यान करायला सांगितले होते. ध्यानाने ब्लडप्रेशर उतरते, मग गोळी कशाला, असा हिशेब मांडून गुरुजींनी गोळी बंद केली. पुढे पंधरा दिवसांत ध्यानही सोडले. म्हणाले, "डॉक्टर, डोळे मिटले की मन गावभर हिंडते. हे काही आपल्याला जमायचे नाही."

गोळी मी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. आजचा लेख त्यांच्या दुसऱ्या तक्रारीसाठी आहे, कारण ती दर आठवड्याला कोणी ना कोणी करतेच.

वाचकहो, पतंजलींच्या अष्टांगयोगात ध्यान ही सातवी पायरी आहे. तिच्या आधी आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा असे बरेच काही येते. आपण घरी जे सुरू करतो ती खरे तर धारणा, म्हणजे मन एका जागी बांधण्याचा सराव. मन सुटणार, आपण ते परत आणणार. पाच मिनिटांत वीस वेळा सुटले आणि वीस वेळा परत आणले, तर त्या दिवशी सराव चांगला झाला असे समजावे. गुरुजी मात्र ते वीस वेळा सुटणे तेवढे मोजत होते.

सुरुवात पाच मिनिटांनी करा. सकाळी शौचमुखमार्जन झाल्यावर, चहा-नाश्त्यापूर्वीची वेळ बरी. ज्यांच्या घरी सकाळी डबे आणि पाण्याची घाई असते, त्या भगिनींनी दुपारची किंवा रात्री निजण्यापूर्वीची वेळ धरावी. भरल्या पोटी बसल्यास झोप येते. पद्मासनाचा हट्ट नको. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीवर, पाय जमिनीला टेकवून बसावे. पाठ ताठ, पण खांदे सैल. डोळे हलकेच मिटून नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, कोंडायचा तर मुळीच नाही. उच्छ्वासाबरोबर मनात एक, दोन असे दहापर्यंत मोजावे आणि पुन्हा एकपासून सुरू करावे. मधेच वीजबिल आठवले, आकडा चुकला, तर चिडू नये. पुन्हा एक म्हणावे. नामस्मरणाची सवय असेल त्यांनी आकड्यांऐवजी नाम घेतले तरी चालेल.

मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ पाहायला घरातले गजराचे घड्याळ पुरते. पायाला मुंग्या आल्या तर पाय खुशाल हलवावा. ध्यान त्याने मोडत नाही. पहिले आठ-दहा दिवस उलट जास्तच अस्वस्थ वाटते, कारण एरवी कामाच्या गडबडीत दबलेले विचार शांत बसल्यावर वर येतात. तीन आठवडे पाच मिनिटे नीट जमली की दहा करा.

याचा उपयोग काय? हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात ध्यान करणाऱ्यांची मोजमापे घेतली. श्वास मंदावतो, नाडी सावकाश होते, शरीराला प्राणवायू कमी लागतो असे आढळले. रक्तदाब काही जणांचा थोडा उतरतो, सगळ्यांचा नाही. म्हणूनच २०१७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयरोगासंबंधी ध्यानाचा विचार करताना, ते नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ठेवावे असाच सल्ला दिला. गोळी सोडून ध्यान करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात. तिथे मौन असते आणि दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक. ज्यांना झेपते त्यांनी जरूर जावे. पण ज्यांना पूर्वी मानसिक आजार झाला आहे किंवा त्यासाठी औषध चालू आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि अर्ज भरताना काही लपवू नये. घरी बसतानाही सारखे रडू येऊ लागले, भीती दाटली, जुने आघात डोळ्यांपुढे उभे राहू लागले, तर सराव थांबवून डॉक्टरांना सांगावे. आणि छातीत दुखत असताना, धाप लागत असताना "जरा ध्यानाला बसतो, बरे वाटेल" असे करत वेळ घालवू नये. अशा वेळी थेट दवाखाना गाठावा.

गुरुजी दीड महिन्याने पुन्हा आले. गोळी नियमित, सकाळी दहा मिनिटे बैठक, रक्तदाब १३८/८६. "मन अजून हिंडते," म्हणाले, "पण पूर्वी ते पुण्याला मुलाच्या घरी पोचेपर्यंत कळत नसे. आता वेशीवरच सापडते." मग हळूच विचारले, गोळी अर्धी केली तर? गोळी आहे तेवढीच घ्या, तीन महिने दर पंधरवड्याला रक्तदाब मोजून मग बघू, असे सांगून मी पुढची तारीख त्यांच्या कागदावर लिहून दिली.