धार हाताची की यंत्राची?

गुरुवार म्हटला की आमच्या छावणीत आठवडी बाजाराची गडबड! त्या गर्दीत कुठं ग्राइंडरची घर्रघर्र ऐकू आली, की घराघरातल्या विळ्या, सुऱ्या, कात्र्या बाहेर निघतात. ठिणग्या उडतात, दोन मिनिटांत पातं लखलखतं आणि आपण खूश. पण मैत्रिणींनो, चकाकतं ते सगळं सोनं नसतं, तसं चकाकतं ते सगळं धारदारही नसतं.

आमच्या बचत गटातली एक ताई ब्लाउज शिवून घर चालवते. तिची कापडाची कात्री बोथट झाली म्हणून घाईघाईत यंत्रावर धार लावून आणली. दिसायला छान, पण टोकाशी दोन्ही पाती नीट जुळेनात. कापड कापण्याऐवजी चघळलं जायला लागलं. ऐन लग्नसराईत नवी कात्री घ्यावी लागली. आठवड्याची कमाई त्यात गेली!

मग यंत्र वाईट का? तसं नाही हो. पण त्याचा स्वभाव ओळखायला हवा. साध्या ग्राइंडरचं चाक मिनिटाला 2,800 च्या आसपास फेरे घेतं. त्यावर पातं दाबून धरलं तर कड क्षणात तापते. लोहार तापलेलं पातं पाण्यात बुडवून त्याला ‘पाणी देतो’, त्यामुळंच पोलाद कणखर होतं. ग्राइंडरवर तीच कड 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की निळसर पडते. म्हणजे पाणी उतरलं! कड मऊ होते, विळी लवकर बोथट होते. पुन्हा ग्राइंडर, पुन्हा झीज. बघता बघता रुंद पातं बोटभर उरतं. सायकलचं पायंडल मारून चाक फिरवणाऱ्या जुन्या धारवाल्याकडं हा त्रास कमी असे, कारण चाकाचा वेग बेताचा.

आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जोडपी जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो! उसाच्या फडात विजेचं बटण कुठून आणणार? तिथं कानस नाहीतर दगडच कामाला येतो. कोयता बोथट असला तर एका घावाच्या जागी दोन घाव घालावे लागतात आणि ते खांद्याला भोवतात. झाडं तोडायच्या यांत्रिक करवतीचंही तसंच. साखळीच्या प्रत्येक दाताला गोल कानशीचे, साधारण 30 अंशांच्या कोनात, एकाच दिशेनं दोन-तीन हात मारले की काम भागतं, तेही झाडापाशी बसून. मात्र दगड किंवा खिळा लागून दात तुटले, तर सगळे दात सारखे करायला ग्राइंडरच सोयीचा. विळीचंही तेच समजा. पात्याला खाच पडली तर यंत्र, रोजच्या बोथटपणाला हात. आणि यंत्रावर दिलंच, तर “जरा थांबून थांबून लावा, पाण्यात बुडवा” असं बिनधास्त सांगा. पैसे आपण देतो ना!

घरी काय करायचं? हार्डवेअरच्या दुकानात धारेचा दगड मिळतो, एक बाजू जाड, दुसरी बारीक. खाली ओलं फडकं घाला म्हणजे दगड सरकणार नाही. त्यावर पाणी शिंपडा. सुरीची पाठ पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश उचला आणि दोन्ही बाजूंनी सारखे हात मारा, आधी जाड बाजूवर, मग बारीक. विळी असेल तर उलट, पातं स्थिर आणि दगड फिरता. बोटं कडेपासून लांब ठेवा. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड वेळ भागवते. पिकलेला टोमॅटो न दाबता चिरला गेला की झालं काम. शेवटी धुऊन, कोरडं पुसून तेलाचं बोट फिरवा. कापडाच्या कात्रीवर मात्र घरी प्रयोग नको, ती जाणत्या कारागिराकडंच द्यावी.

“धार लावली की हात कापतो” असं म्हणत अनेकजणी बोथट विळीच वापरतात. खरं तर बोथट पात्यावर जोर जास्त लावावा लागतो, हात सटकतो आणि जखम खोल होते. आमच्या गटानं आता सामाईक दगड घेतलाय. महिन्यातून एकदा बैठक संपली की सगळ्याजणी आपापली विळी घेऊन बसतात. हिशेबाची वही मिटते आणि पाती घासली जातात. तुमच्याही गटात करून बघा!