गरनाळ्याचा चढ

सुरतच्या लिंबायतमध्ये नीलगिरी नावाचा डोंगर नाही, मैदान आहे. अख्खं सुरतच तापीच्या गाळावर बसलेलं. सायकलवाल्याला इथे चढ लागतो तो दोनच ठिकाणी: पुलावर जाताना आणि रेल्वेखालच्या गरनाळ्यातून बाहेर पडताना. जोराचा पाऊस झाला की गरनाळं तुंबतं, म्हणजे तोही चढ पाण्याखाली. अशा गावात सायकलच्या दुकानांपुढे रांगेने उभ्या असतात त्या माउंटन सायकली. जाड खरबरीत टायर, आडवं सरळ हँडल, सीटच्या खाली लालभडक स्प्रिंग.

याला हसणारे बरेच भेटतात. मलाही पूर्वी हसू यायचं. पण या सायकलीची वंशावळ पाहिली की हसू आवरतं, कारण ती डोंगरात जन्मली असली तरी कामाच्या सायकलीच्या पोटी जन्मली.

21 ऑक्टोबर 1976. कॅलिफोर्नियातली मरीन काउंटी. माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या एका कच्च्या उतारावर काही पोरांनी शर्यत लावली. सायकली कसल्या, तर 1930-40 च्या दशकांतल्या, श्विन एक्सेल्सियरसारख्या जाडजूड, कुणाच्या तरी पडवीतून काढलेल्या. तिकडची पेपर टाकणारी मुलं अशाच सायकली वापरायची. ब्रेक मागच्या हबच्या आत, पायडल उलटं दाबलं की लागणारा. तीनेक किलोमीटरच्या उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचलं की हब उघडा, पुसा, नवं ग्रीस भरा. त्यावरून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. आपल्याकडे दुकानदार ज्याला सायकल ‘ओव्हरऑइल’ करणं म्हणतो, तेच हे काम.

पुढचं झपाट्याने घडलं. 1977 मध्ये जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम घडवली. 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेमवर धंदा सुरू केला. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर सायकल कारखान्यातून बाहेर पडली आणि 1996 मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला. पण लिंबायतच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे जाऊन टायरच्या कडेवरचा आकडा वाचा: 26×2.125. हे माप श्विनच्या फुगीर टायरांचं, 1933 पासूनचं. अमेरिकेतल्या पेपरवाल्या पोराचं चाक सुरतच्या गल्लीत अजून फिरतं आहे.

आता तिच्या शेजारी उभ्या असलेल्या काळ्या सायकलीकडे वळू. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून उधना-जळगाव रेल्वेने जी माणसं लूमच्या खात्यात कामाला आली, त्यांच्या पिढीची ही सायकल. दांड्यावर पोरगं, कॅरेजवर डबा किंवा धान्याचं पोतं. 28×1½ चं चाक. त्याच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास 635 मिलिमीटर. आज शहरी शोरूममध्ये ‘ट्वेंटीनायनर’ म्हणून जी महागडी माउंटन सायकल विकतात, तिच्या रिमचा व्यास 622. टायर जाड म्हणून ती उंच दिसते एवढंच. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं, हे डोंगरवाल्यांना 2000 नंतर पटलं. दूधवाल्याला ते आधीपासून माहीत होतं.

चाकाइतकीच फ्रेम बोलकी आहे. काळ्या सायकलीचा चिमटा पुढे चांगलाच कललेला असतो आणि दोन चाकांमधलं अंतर लांब. त्यामुळे ती वळायला आळशी, पण ओझं घेऊन सरळ जाते; हँडल हातात थरथरत नाही. तारा पुढे 32, मागे 40, कारण वजन मागे पडतं. उतारावर सुसाट सोडायच्या आजच्या सायकलींतही चिमटा असाच कलवतात, लांबी अशीच वाढवतात. मधल्या काळात सायकली आखूड आणि चपळ करण्याची हौस आली होती, ती ओसरली.

लाल स्प्रिंगबद्दल मात्र माझं मत कडक आहे. चांगल्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगइतकंच महत्त्व असतं ते तिची उसळी आवरणाऱ्या तेलाला. स्वस्त सायकलीत नुसती स्प्रिंग असते. गरनाळ्याच्या चढाला उभं राहून पायडल मारा, बरंच बळ स्प्रिंग दाबण्यात जातं. शिवाय फ्रेमचे दोन तुकडे ज्या बोल्टवर हलतात तिथले बुश झिजले की मागचं चाक शेपटीसारखं हलायला लागतं. एका मिस्तरीने मला एका वाक्यात शिकवलं, “भाऊ, स्प्रिंग नका पाहू, चिमटा पाहा.”

लोखंड की ॲल्युमिनियम, हा वादही इथे वेगळा सुटतो. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाचं, पण ताठरपणाही तिसऱ्या हिश्शाचाच, म्हणून त्याच्या नळ्या जाड्या कराव्या लागतात. पोलाद ठरावीक मर्यादेतला ताण कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, छोटे धक्केसुद्धा त्याच्या खात्यावर जमा होत राहतात. आणि मुख्य म्हणजे, लोखंडी फ्रेम तुटली तर कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला ती जोडून देतो. ॲल्युमिनियम जोडायला वेगळं यंत्र लागतं, आणि जोडल्यावर पुन्हा भट्टीत तापवून मुरवल्याशिवाय सांध्याजवळची ताकद परत येत नाही. सुरतच्या पगारात मी तरी लोखंडच घेईन.

गियरचं दुखणं आणखी निराळं. स्वस्त सायकलीत सहा-सात चकत्यांची फ्री-व्हील हबवर आट्यांनी बसवतात. त्या चकत्यांना जागा देताना उजवीकडचे छर्रे आत सरकतात आणि एक्सलचा बराच भाग बिनआधार राहतो. मागे दोघं बसवून खड्ड्यात आदळलं की एक्सल वाकतो. मालक म्हणतो, चाकात आउट आहे. मिस्तरी चाक फिरवतो, रिम सरळच असते.

आता मोकळ्या खेळाकडे, ज्याला ‘फ्रीराइड’ म्हणतात. व्हँकुव्हरजवळच्या नॉर्थ शोअरच्या ओल्या जंगलांत लाकडी पूल आणि उड्यांच्या वाटा बांधून तो वाढला. घड्याळ नाही, शर्यत नाही. दिसेल त्या कड्यावरून नीट उतरून दाखवायचं. कॅननडेल कंपनीने या शब्दावर आपला हक्क सांगितला, तेव्हा रॉकी माउंटन कंपनीने आपल्या गड्यांना ‘फ्रोरायडर’ असं नाव दिलं. त्यांच्यातलाच वेड सिमन्स 2001 मध्ये युटाच्या लाल कड्यांवरची पहिली रॅम्पेज स्पर्धा जिंकला.

लिंबायतच्या पोरांना कडा मिळत नाही, पण फुटपाथची धार, मातीचा ढीग, मैदानाची कड पुरते. पुढचं चाक उचलून पळणं, पुढचा ब्रेक दाबून मागचं उचलणं, जागच्या जागी उडी. नवी सायकल आली की पहिल्यांदा निघतं मडगार्ड, मग चेन कव्हर, मग स्टँड. बापाच्या डोळ्यांदेखत पैसे भंगारात जातात, कारण त्याने सायकल घेतलेली असते शाळेसाठी. अशा फ्रेमा तुटतात बहुधा एकाच जागी, मानेशी, जिथे खालची नळी हँडलच्या नळीला मिळते. उडीचा सगळा धक्का तिथे जातो. वेल्डिंगवाला तडा भरतो आणि त्यावर पत्र्याचा तिकोनी तुकडा लावून देतो. नॉर्थ शोअरच्या सायकली बनवणाऱ्यांनीही नेमक्या याच जागी तिकोनी पट्टी जोडली होती, आणि ती त्यांच्या जाहिरातीत झळकायची. इथे ती रंगाशिवायच राहते आणि पहिल्या पावसात गंजते.

मागच्या उन्हाळ्यात भाच्याने आपली माउंटन सायकल पार्सलच्या डब्यातून नंदुरबारला नेली आणि तिथून तोरणमाळच्या घाटाला लागला. सातपुड्याचा पहिला वळणाचा चढ आल्यावर त्याने पुढचं लहान गियर टाकायला खटका दाबला. काही झालं नाही. दोन वर्षांत त्याला हात लावायची वेळच आली नव्हती. केबल आतल्या आत गंजून बसली होती.