हत्यार-आयुष्य व कर्तन वेग

धातू कापणाऱ्या हत्याराला धार लावल्यापासून ती पुन्हा लावावी लागेपर्यंत प्रत्यक्ष कापण्यात गेलेल्या काळास हत्यार-आयुष्य म्हणतात. ते सामान्यतः मिनिटांत सांगतात. धारेसमोरून धातूचा पृष्ठभाग ज्या वेगाने सरकतो तो कर्तन वेग होय. हत्यार-आयुष्यावर परिणाम करणाऱ्या घटकांत कर्तन वेग सर्वांत प्रभावी आहे.

झिजेची कारणे : छिलका सुटताना होणारे धातूचे विरूपण आणि घर्षण यांसाठी खर्च होणारी जवळजवळ सर्व ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. वेग वाढला की धारेचे तापमान वाढून हत्याराची कठिनता घटते. साधे कार्बनी पोलाद सु. २५०° से., तर उच्च वेगी पोलाद सु. ६००° से. तापमानाच्या पुढे मऊ पडू लागते. टंगस्टन कार्बाइड याहून बऱ्याच अधिक तापमानात टिकते. झीज मुख्यतः दोन ठिकाणी होते : हत्याराच्या बगलेवर पट्टा पडतो आणि छिलका ज्यावरून घसरतो त्या पृष्ठावर खळगा पडतो.

टेलर सूत्र : अमेरिकन अभियंते फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) यांनी सु. २६ वर्षे प्रयोग करून १९०६ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. या प्रयोगांत ८ लाख पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद कापले गेले. त्यांच्या सूत्रानुसार, इतर परिस्थिती कायम असता, कर्तन वेग आणि आयुष्याचा ‘न’ हा घात यांचा गुणाकार स्थिर असतो. हा स्थिरांक म्हणजे एक मिनिट आयुष्य देणारा वेग होय. ‘न’ चे मूल्य उच्च वेगी पोलादासाठी सु. ०·१ ते ०·१५ आणि कार्बाइडासाठी सु. ०·२ ते ०·३ असते.

उदा., ‘न’ ०·१२५ असलेले हत्यार ३० मी./मिनिट वेगाला ६० मिनिटे टिकत असल्यास ३३ मी./मिनिट वेगाला ते सु. २८ मिनिटे आणि ४० मी./मिनिट वेगाला अवघी ६ मिनिटे टिकेल. म्हणजे वेगातील केवळ १० टक्के वाढीने आयुष्य निम्म्याहून कमी होते. ‘न’ ०·२५ असलेल्या कार्बाइड हत्याराचे आयुष्य तेवढ्याच वाढीने सु. एक-तृतीयांशाने घटते.

कापाची खोली व दर फेऱ्यातील सरक यांचा परिणाम वेगाच्या मानाने कमी असतो. म्हणून ओबडधोबड कापासाठी प्रथम खोली, नंतर सरक व शेवटी वेग ठरवितात. अतिशय कमी वेगाला मात्र टेलर सूत्र लागू पडत नाही. तेथे कापलेल्या धातूचा थर धारेवर चिकटतो व तुटून निघताना धारेचे कण उचकटून नेतो. त्यामुळे वेग कमी केल्याने आयुष्य वाढतेच असे नाही.

किफायतशीर वेग : वेग कमी ठेवल्यास यंत्र व कामगार यांचा वेळ अधिक खर्ची पडतो, वेग जास्त ठेवल्यास वारंवार हत्यार बदलावे लागते. या दोन खर्चांची बेरीज किमान होईल तो वेग किफायतशीर ठरतो. जास्तीत जास्त उत्पादनासाठी योग्य आयुष्य काढताना ‘न’ च्या व्यस्तांकातून १ वजा करून बाकीला हत्यार बदलण्याच्या वेळेने गुणतात. बदलण्यास ५ मिनिटे लागत असल्यास वरील दोन हत्यारांसाठी ते अनुक्रमे ३५ व १५ मिनिटे येते. हत्याराची किंमतही हिशेबात घेतल्यास किमान खर्चाचे आयुष्य याहून अधिक, अर्थात वेग थोडा कमी येतो. यावरून हत्यार दीर्घकाळ टिकविणे म्हणजेच काटकसर नव्हे, हे स्पष्ट होते.