रक्तकर्करोगाच्या मूळपेशींवरील प्रतिकारपेशी उपचार

रक्तकर्करोगाच्या मूळपेशींवरील प्रतिकारपेशी उपचार म्हणजे शरीराचे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, विशेषतः टी पेशींच्या साहाय्याने रक्तकर्करोग मुळापासून नष्ट करण्याचा प्रयत्न होय. या क्षेत्रातील भारतातील महत्त्वाचे काम मुंबई व नवी मुंबई येथे झाले आहे.

मूळपेशी

१९९४ मध्ये टोरोंटो येथील जॉन डिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या शरीरात सोडल्या. त्यांपैकी अत्यल्प पेशीच नव्याने रोग निर्माण करू शकल्या. या पेशींना रक्तकर्करोगाच्या मूळपेशी म्हणतात. केमोथेरपी प्रामुख्याने वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारते. मूळपेशी बराच काळ सुप्त राहत असल्याने तिच्यातून वाचतात आणि रोग उलटतो.

दात्याच्या पेशी

या उपचाराचे सर्वांत जुने रूप म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. दात्याच्या टी पेशी रुग्णाच्या शरीरात उरलेल्या कर्करोगपेशींना परक्या मानून मारतात. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले.

कार-टी पेशी

या पद्धतीत रुग्णाच्याच टी पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांत नवे जनुक घातले जाते. त्यामुळे त्या पेशींना कर्करोगपेशीवरील ठरावीक प्रथिन ओळखता येते. वाढवलेल्या या पेशी पुन्हा रुग्णाला दिल्या जातात. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल सेंटर यांनी विकसित केलेल्या 'नेक्सकार१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. उलटलेल्या किंवा इतर उपचारांना दाद न देणाऱ्या बी पेशींच्या कर्करोगांसाठी तो वापरतात. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. तीव्र ज्वर, रक्तदाब उतरणे व रक्तपेशी घटणे हे त्याचे धोके आहेत.

मुख्य अडचण

'नेक्सकार१९' सीडी१९ या प्रथिनावर मारा करते. हे प्रथिन निरोगी बी पेशींवरही असते. मात्र त्या नष्ट झाल्या तरी रुग्ण जगू शकतो. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगात तशी सवलत नाही. त्याच्या मूळपेशींवरील सीडी३३ व सीडी१२३ ही प्रथिने रक्त निर्माण करणाऱ्या निरोगी पेशींवरही आढळतात. शत्रूबरोबर त्याही मारल्या गेल्यास रक्तनिर्मितीच थांबण्याची भीती असते. म्हणून कार-टीनंतर प्रत्यारोपण करणे किंवा दात्याच्या निरोगी पेशींतून सीडी३३ आधीच काढून टाकणे, या मार्गांवर संशोधन चालू आहे.

चंद्रपूर व गडचिरोलीच्या संदर्भात

हे उपचार मोजक्या मोठ्या केंद्रांतच होतात आणि रुग्णाला काही आठवडे रुग्णालयाजवळ राहावे लागते. गडचिरोलीहून मुंबई आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. शिवाय या वनजिल्ह्यांत हिवताप व सिकलसेल आजार आढळतात. ताप, फिकटपणा, हाडे दुखणे व प्लीहा वाढणे ही त्यांची लक्षणे रक्तकर्करोगातही दिसतात. तीव्र रक्तकर्करोग मात्र काही आठवड्यांतच बळावतो. त्यामुळे औषधाने न हटणारा ताप, हिरड्यांतून रक्त येणे किंवा अंगावर लाल-जांभळे ठिपके उठणे अशी लक्षणे असल्यास रक्तपेशींची गणना व रक्ताच्या काचपट्टीची तपासणी त्वरित करणे आवश्यक ठरते. या साध्या तपासण्यांतूनच पुढील सर्व उपचारांची वाट सुरू होते.