सहकुटुंब सायकलप्रवास : १९३६ ते आज

लहान मुलांना घेऊन अनेक दिवस सायकलवर हिंडण्याची प्रथा सायकलीइतकी जुनी नाही. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५च्या सुमारास आली. १८८८मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि तो टायर त्यांनी मुळात आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला होता. तरीही पुढची जवळजवळ पन्नास वर्षे सायकलवरची लांबची सफर प्रामुख्याने तरुणांची आणि सवड असलेल्यांचीच राहिली. कुटुंबाला बाहेर पडायचे तर पगारी रजा हवी, मूल बसवण्याची सोय हवी आणि निर्धोक रस्ता हवा. पहिल्या दोन गोष्टी एकदा मिळाल्यावर टिकल्या. रस्ता मात्र मध्येच हातचा गेला आणि तो परत मिळवावा लागला.

रजेचा प्रश्न फ्रान्समध्ये जून १९३६मध्ये सुटला. लेओं ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली. क्रीडा आणि विरंगुळा हे खाते सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी रेल्वेच्या भाड्यात ४० टक्के सवलत मिळवून दिली. ज्यांना तेही परवडत नव्हते ते सायकलवर निघाले. टँडेमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर, पुढे नवरा, मागे बायको आणि सामानाच्या जोडीला मूल, अशी कुटुंबे त्या उन्हाळ्यात पॅरिसबाहेरच्या रस्त्यांवर दिसू लागली. त्या वर्षाची आठवण फ्रान्समध्ये आजही टँडेमच्या छायाचित्रांतूनच सांगितली जाते. ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा १९३८मध्ये झाला. स्वस्त मुक्कामाची सोय करणारी युवा वसतिगृहांची संघटना तिथे १९३०पासूनच होती.

मूल बसवण्याच्या सोयी याच काळात घडल्या. बर्मिंगहॅमची वॉटसोनियन कंपनी मोटारसायकलींसोबत साध्या सायकलींसाठीही साइडकार बनवत असे. टँडेमच्या मागच्या बैठकीसमोर पेडलांचा आणखी एक जोड उंचावर बसवण्याची युक्ती तर फार मोलाची ठरली. तिच्यामुळे पाय खालच्या पेडलांपर्यंत न पोहोचणारे मूलही ओझे न राहता चालवणारा भिडू झाले.

युद्धानंतर मोटारी वाढल्या आणि हे सारे ओसरले. ब्रिटनमध्ये १९४९ साली सायकलींनी मिळून सुमारे २४ अब्ज किलोमीटर अंतर कापले होते. १९७३पर्यंत हा आकडा चार अब्जांच्याही खाली आला. सायकली तेव्हाही दुकानात होत्या, रजा तर पूर्वीपेक्षा जास्त होत्या. आईबापांची हिंमत खचली ती रस्त्यामुळे. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत ४००हून अधिक मुले होती. अपघातात स्वतःची मुलगी गमावलेले पत्रकार व्हिक लांगेनहॉफ यांच्या लेखातून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. पालक आणि मुले रस्त्यांवर उतरली. १९७३च्या तेलटंचाईत सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या, तेव्हा रिकाम्या रस्त्यांवर सायकल चालवणे काय असते हे देशाने पुन्हा अनुभवले. पुढच्या दशकांत तिथे सायकलींसाठी वेगळ्या वाटा झाल्या. आज सगळे जग ज्यांचे कौतुक करते, त्या वाटांमागे या पालकांचा आक्रोश आहे, हे विसरता येणार नाही.

ब्रिटनमध्ये बंद पडलेले लोहमार्ग कामी आले. ब्रिस्टल ते बाथ ही सुमारे २१ किलोमीटरची वाट स्वयंसेवकांनी १९७९ ते १९८६ या काळात तयार केली. आगगाडीला तीव्र चढ चालत नाहीत, त्यामुळे असे मार्ग मुलांच्या पायांनाही झेपतात. ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठाने पूर्वी घोडे नावा ओढून नेत. त्या वाटेवर १९८०च्या दशकात सायकलमार्ग विकसित झाला. जर्मनीतल्या पासाउपासून व्हिएन्नापर्यंतचे तीनशेहून अधिक किलोमीटर जवळजवळ सपाट आहेत, आणि प्रवाहाच्या दिशेने जाताना उतारही थोडा साथ देतो. बेल्जियममधील लिम्बर्ग प्रांतात खाण अभियंता ह्यूगो बोलेन यांनी १९९०च्या दशकात वाटांच्या प्रत्येक फाट्याला क्रमांक दिला. आता तिथे नकाशा न उलगडता, फक्त आकडे पाहत, वाचायला नुकतेच शिकलेले मूलही कुटुंबाला वाट दाखवू शकते.

साधनेही सुधारली. अमेरिकेत ओरेगॉनमधील बर्ली या सहकारी संस्थेने दोनचाकी ट्रेलर लोकप्रिय केला. कॅरियरवरच्या खुर्चीत मुलाचे वजन उंचावर राहते आणि तोल बिघडतो. ट्रेलरमध्ये ते जमिनीलगत येते आणि मूल आडोशाला बसते, झोपतेही. त्याहून मोठ्या मुलासाठी एकचाकी जोडसायकल आली. २०१०नंतर विजेच्या मोटरने चढावरचे ओझेही हलके केले.

अमेरिकेचे व्होगल कुटुंब दहा वर्षांच्या जुळ्या मुलांसह जून २००८मध्ये अलास्कातून निघाले आणि मार्च २०११मध्ये अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, उशुआइयाला पोहोचले. अंतर सुमारे २७,८०० किलोमीटर. हा पराक्रम खरा, पण या प्रथेची ताकद अशा विक्रमांत नाही. पाच वर्षांच्या मुलासोबत दिवसाला वीस-तीस किलोमीटर जाऊन संध्याकाळी नदीकाठी तंबू ठोकणाऱ्या कुटुंबांनीच ती टिकवली आहे.

आता अडचण उरली आहे ती रेल्वेची. मार्गाच्या टोकाला पोहोचायला आणि तिथून परतायला गाडी लागते, आणि टँडेम किंवा ट्रेलर घेणाऱ्या गाड्या थोड्या आहेत. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे जून २०२५पासून नव्या किंवा मोठी दुरुस्ती झालेल्या गाड्यांत किमान चार सायकलींची जागा ठेवणे बंधनकारक आहे. चार जागा एकाच कुटुंबात संपतात. दुसऱ्या कुटुंबाला अजूनही पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते.