जीपचा मागचा एक्सल आणि दातांचा हिशेब

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीच्या परिसरात किंवा जवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आजही एखादी जुनी, मागे हौदा असलेली जीप दृष्टीस पडते. 1947 सालापासून महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केली. पुढे त्या येथेच तयार होऊ लागल्या. मूळचे पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसवण्याचे काम महाराष्ट्रातील असंख्य गॅरेजांत झाले. इंजिन बदलले की काही दिवसांतच मालकाची तक्रार सुरू होते : गाडी ओढते छान, पण पळत नाही. मग मेस्त्री सुचवतात, “मागचा एक्सल बदलू या.” या साध्या सूचनेमागे कोणते विज्ञान आहे, आणि ती अर्धवट अमलात आणली तर काय धोका संभवतो, ते आपण पाहू.

इंजिनाची गती गिअरबॉक्समधून लांब प्रॉपेलर शाफ्टला मिळते. मागच्या एक्सलच्या मधल्या फुगीर भागात या शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. ते ज्या मोठ्या चाकाला फिरवते, त्याला क्राऊन म्हणतात. जुन्या विलीज बनावटीच्या अनेक जीपांत पिनियनला 8 आणि क्राऊनला 43 दात असत. 43 भागिले 8 म्हणजे 5.375. शाफ्टच्या इतक्या फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते.

आता वेगाचा हिशेब करू. चाकाची त्रिज्या 0.35 मीटर धरली तर परीघ सुमारे 2.2 मीटर येतो. वरच्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो असे समजू. पेट्रोल इंजिन मिनिटाला 4000 फेऱ्या घेऊ शकते. संथ चालीचे डिझेल इंजिन मात्र 3000 फेऱ्यांच्या आसपासच थांबते असे मानू. 3000 ला 5.375 ने भागले की चाकाच्या मिनिटाला 558 फेऱ्या मिळतात. त्यावरून ताशी वेग येतो सुमारे 74 किलोमीटर. इंजिन किंचाळत असते आणि गाडी त्यापुढे जात नाही. त्याऐवजी 39 आणि 8 दातांची जोडी बसवली, तर गुणोत्तर 4.875 होते आणि त्याच 3000 फेऱ्यांत वेग सुमारे 81 किलोमीटर होतो.

पण निसर्गाच्या दुकानात फुकट काही मिळत नाही. एक्सल हा फिरता तरफदांडाच आहे : वेग वाढला की जोर घटतो. समजा, शाफ्टला मिळणारा पीळ, म्हणजे टॉर्क, 14 किलोग्रॅम-मीटर आहे. जुन्या एक्सलने रस्त्यावर मिळणारा जोर 14 गुणिले 5.375 भागिले 0.35, म्हणजे 215 किलोग्रॅम-भार. नव्या एक्सलने तोच 195 होतो. मालासह दोन टन वजनाची गाडी दहास एक अशा चढावर नुसती पेलून धरायलाच सुमारे 200 किलोग्रॅम-भार लागतो. घर्षण सोडून दिले तरी पहिली गाडी हा चढ वरच्या गिअरमध्ये जेमतेम चढेल, तर दुसरीला खालचा गिअर घ्यावा लागेल. सपाटीवर रोजची ये-जा करणाऱ्याने आणि गगनबावड्याचा घाट माल भरून चढणाऱ्याने एकच एक्सल निवडावा, असे म्हणूनच सांगता येत नाही.

8 आणि 43, तसेच 8 आणि 39 यांचा मसावि 1 आहे. हा योगायोग नव्हे. दातांच्या संख्येत 1 वाचून दुसरा सामाईक विभाजक नसला, की पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो. 8 आणि 43 यांचा लसावि 344. म्हणजे एकदा जुळलेली जोडी क्राऊनच्या 8 फेऱ्यांनंतरच पुन्हा जुळते. त्यामुळे झीज सर्व दातांवर सारखी वाटली जाते. सातवीच्या वर्गात “लसाविचा उपयोग काय?” असे विचारणाऱ्या मुलाला हे उत्तर जरूर द्यावे.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार होतात. म्हणून एक नवा आणि एक जुना असा संसार टिकत नाही. बसवताना दातांना रंग लावून फिरवतात आणि ठसा दाताच्या मध्यावर उमटेपर्यंत पातळ शिमा घालून वा काढून जागा साधतात. या एक्सलमध्ये पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्याच्या थोडा खाली असतो. त्यामुळे दात एकमेकांवर लोळतात, तसेच मोठ्या दाबाखाली घसरतातही. साधे तेल तेथून पिळून निघून जाते. म्हणून गंधक व स्फुरदाची संयुगे मिसळलेले, अतिदाब सोसणारे गिअर तेल घालावे लागते.

आता धोक्यांकडे वळू. पहिला धोका चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपचा. पुढच्या एक्सलमध्येही क्राऊन-पिनियन असते. मागे 4.875 आणि पुढे 5.375 अशी जोडी राहिली, तर एक किलोमीटर अंतरात दोन्ही शाफ्टांच्या सुमारे 227 फेऱ्यांचा फरक पडतो. या जीपांत दोन एक्सलांमधला असा फरक सामावून घेणारी यंत्रणा नाही. चिखलात चाके घसरून तो फरक निघून जातो. डांबरी रस्त्यावर मात्र टायर झिजतात आणि गिअर, शाफ्ट किंवा जॉइंट यांपैकी काहीतरी तुटते. म्हणून दोन्ही एक्सल एकाच वेळी बदलावेत.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. स्पीडोमीटरची तार एक्सलकडून नव्हे, तर त्याच्या अलीकडे गिअरबॉक्सच्या बाजूने निघते. एक्सल बदलल्याचे तिला कळतच नाही. काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 ने धावत असते. फरक किरकोळ वाटतो, परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1.10 चा वर्ग 1.21. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला सुमारे 21 टक्के जास्त अंतर लागते. ब्रेक मात्र तेच जुने असतात. उपाय सोपा आहे. स्पीडोमीटरचे लहान गिअर बदलून घ्यावे आणि मैलदगडांवर पडताळा करावा. काटा 60 वर स्थिर असताना एक किलोमीटरला बरोबर 60 सेकंद लागले पाहिजेत. 54 लागले, तर काटा खोटे बोलत आहे.

शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहेच. इंजिन किंवा इंधन यांसारख्या नोंदणी-पुस्तकातील तपशिलात फरक पाडणारा बदल परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही.

आपल्या गाडीत कोणता एक्सल आहे, हे तो न उघडता ओळखता येते. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे एकच चाक जॅकने उचलावे. शाफ्टवर व चाकावर खडूने खुणा कराव्यात आणि चाक हाताने फिरवावे. चाकाच्या 16 फेऱ्यांत शाफ्टच्या 43 फेऱ्या झाल्या तर एक्सल जुना, 39 झाल्या तर दुसरा. 8 ऐवजी 16 फेऱ्या का? फ्रान्समध्ये पेकर याने 1827 मध्ये पेटंट घेतलेल्या डिफरन्शियलमुळे क्राऊनची गती ही दोन्ही चाकांच्या गतींची सरासरी असते. एक चाक जमिनीवर थांबलेले आहे, म्हणून दुसऱ्याला दुप्पट फिरावे लागते.

या प्रयोगात जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून भक्कम उटी लावणे अत्यावश्यक आहे. गाडी पेलायला जॅकवर विसंबू नये, खाली घोडी लावावी. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर असतो. प्रयोगासाठी तो सोडावाच लागतो. तो ओढलेला असला, तरी एक चाक हवेत असताना गाडी घरंगळू शकते. असे का होते, याचे उत्तर वरच्या परिच्छेदातील सरासरीतच आहे. ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.